युद्धवार्तेतील निवेदकाचे स्थान : दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि बस्तर

मराठीत कादंबरीतील कथा सांगणाऱ्याला आणि दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणाऱ्याला एकच संज्ञा आहे : निवेदक. हा योगायोग मराठी समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. कादंबरीच्या निवेदकाविषयी गेल्या अर्धशतकात पुष्कळ लिहिले गेले. तो कोठे उभा आहे, त्याला किती दिसते, जे त्याला दिसणे शक्य नाही तेही तो सांगू लागला तर वाचकाने त्यावर विश्वास का ठेवावा, हे प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला आता परिचित आहेत. वृत्तनिवेदकाला मात्र ते कोणी विचारीत नाही. वृत्तकथन हे माहितीचे क्षेत्र. तेथे खरे-खोटे पाहावे, निवेदनाची घडण पाहण्याचे कारण नाही, असा समज रूढ आहे. युद्धकाळात हा समज टिकत नाही. युद्धातील घटनेचे खरेखोटेपण तत्काळ पडताळण्याचे साधन श्रोत्याजवळ नसते. त्याच्याजवळ असतो तो सांगणारा आणि त्याची सांगण्याची रीत.

युद्धवार्तेच्या बाबतीत मुख्य प्रवाहातील दूरचित्रवाणी इंटरनेटच्या मागे पडली आहे, हे विधान आता इतके सार्वत्रिक झाले आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणाला भासत नाही. मागे पडली म्हणजे उशीर झाला, असा त्याचा सरळ अर्थ घेतला जातो. एकाकडे अवजड कॅमेरे, संपादकीय उतरंड आणि परवानग्या. दुसऱ्याकडे खिशातला भ्रमणध्वनी. वेगाच्या या हिशेबात तथ्य आहे. पण तो हिशेब अपुरा आहे, आणि तो कसा अपुरा आहे हे भिलाईसारख्या ठिकाणाहून पाहिले असता स्पष्ट दिसते.

भिलाई हे युद्धभूमीवरचे गाव नाही. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे नोकरीला आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडील मराठी कुटुंबेही होती. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली गेलेल्या या मुलखात मराठीचा वावर तसा जुनाच. या गावाच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येते. तो साठा आटत चालला म्हणून दक्षिणेस रावघाटच्या डोंगरांकडे रेल्वेमार्ग टाकला गेला, आणि त्याच्या बांधकामावर निमलष्करी दलांचा पहारा ठेवावा लागला, कारण रावघाट बस्तरमध्ये आहे. म्हणजे हे गाव युद्धापासून दूर आहे आणि नाहीही. बस्तरमधील बिजापूर (आदिलशाही विजापूर नव्हे) येथून रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर आहे. पण दिवाणखान्यातील पडद्यावर तेथील चकमकीची बातमी येते ती दिल्ली-नोएडाच्या स्टुडिओतून, हजार-बाराशे किलोमीटर उत्तरेला जाऊन परतलेली.

युद्ध हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. शासनाच्या परिभाषेत बस्तरमध्ये युद्ध कधी नव्हतेच; होता तो अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटलाजवळ ७६ जवान एका सकाळी मारले गेले, तरी या संघर्षाला युद्ध हे नाव मिळाले नाही. ज्याला युद्ध म्हणायचे नाही तेथे युद्धवार्ताहर नेमण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कारगिलला वार्ताहर गेले. बस्तरला, फार तर, मोठ्या घटनेनंतर तीन दिवस.

दूरचित्रवाणीचा कैवार घेताना महाभारतातील संजयाचे उदाहरण देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्र पाहणारा संजय म्हणजे थेट प्रक्षेपणाचा आदिपुरुष, असे शालेय निबंधांपासून वाहिन्यांच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र आढळते. मूळ संहिता मात्र वेगळे सांगते. व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली हे खरे. पण भीष्मपर्वातील युद्धकथन सुरू होते ते संजय रणभूमीवरून परत येऊन भीष्म पडल्याचे धृतराष्ट्राला सांगतो तेथून. दहा दिवसांचे युद्ध तोवर होऊन गेलेले असते. आधी शेवट कळतो, मग आंधळा राजा शोक करतो, प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांच्या ओघात मागचे सारे उलगडत जाते. गीतासुद्धा या पूर्वकथनातच येते. आद्य युद्धवार्ताहराची पहिली वार्ता अशी उशिरा पोहोचलेली आहे, आणि तरीही ती प्रमाण मानली जाते, याचे कारण उघड आहे : संजय तेथे जाऊन आलेला आहे. दिव्यदृष्टीचा वर मिळूनही कवीने त्याला रणांगणावर पाठवले, ही गोष्ट निवेदनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

शब्दांकडे पाहिले तरी हेच दिसते. ‘वृत्त’ म्हणजे घडून गेलेले. ‘वर्तमान’ म्हणजे घडत असलेले. मराठीने बातमीसाठी दोन्ही शब्द वापरले, पण जुन्या कागदपत्रांतील ‘वर्तमान’ हेही मागाहून लिहून पाठवलेलेच असे. पानिपतचा दाखला इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघून माळव्यात भेलशाच्या आसपास पोहोचले होते, तेव्हा दहाएक दिवसांनी त्यांच्या हाती लागले ते सेनापतीचे पत्र नव्हते. एका सावकाराचे खाजगी, व्यापारी सांकेतिक भाषेत लिहिलेले पत्र होते. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबातून एका पिढीचा संहार त्यात सांगितला होता. दरबाराची बातमीयंत्रणा कोलमडली होती आणि पेढीची यंत्रणा चालू होती. अधिकृत माध्यमाच्या आधी अनधिकृत माध्यम पोहोचण्याची ही घटना इंटरनेटच्या फार पूर्वीची आहे. सावकाराला बातमी आधी कळली, कारण त्याची माणसे वाटेवर होती आणि त्याचा पैसा तेथे गुंतलेला होता.

दूरचित्रवाणीच्या उत्कर्षकाळाचे एक उदाहरणही येथे तपासावे लागेल. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे बगदादवर बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हा सीएनएनने जगाला ते युद्ध थेट दिले, असे सांगितले जाते. वस्तुतः त्या रात्री प्रेक्षकांना मिळाला तो अल-रशीद हॉटेलमधील तिघा वार्ताहरांचा दूरध्वनीवरून आलेला आवाज. दृश्य फारसे नव्हतेच. खिडकीशी उभे राहून, कधी पलंगाखाली लपून, जे दिसते आहे तेवढेच ते सांगत होते. ज्या रात्रीपासून थेट युद्धप्रक्षेपणाचे युग मोजले जाते, त्या रात्रीचे सामर्थ्य असे जुन्या पद्धतीच्या साक्षीचे होते. पुढच्या काळात उपग्रह वाढले, वाहिन्या चोवीस तास झाल्या, पडद्यावर नकाशे फिरू लागले. खिडकीशी उभा असलेला माणूस मात्र हळूहळू पडद्याबाहेर गेला.

भारतात याचे टप्पे सांगता येतात. १९९९ चे कारगिल हे येथील पहिले दूरचित्रवाणी-युद्ध. वार्ताहर तेव्हा डोंगरांपर्यंत गेले होते. त्याच उन्हाळ्यात पाकिस्तान टेलिव्हिजनवर केबलजाळ्यांत बंदी आली आणि विदेश संचार निगमने ‘डॉन’ या पाकिस्तानी दैनिकाचे संकेतस्थळ भारतात रोखून धरले. इंटरनेट तेव्हा मूठभरांच्या घरी होते, तरी युद्धाची दुसरी बाजू तेथून आत येऊ शकते हे शासनाच्या ध्यानात आलेले होते. मग २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई. थेट प्रक्षेपणाने हल्लेखोरांच्या सूत्रधारांना मदत झाली, हा ठपका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर ठेवला, आणि तो रास्तच होता. पुढे केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत अशी तरतूद झाली की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करू नये. नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित ठेवावे. तरतुदीमागचा हेतू समजण्याजोगा आहे. तिचा निवेदनावर झालेला परिणाम मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. कारवाई संपेपर्यंत एकच अधिकृत निवेदक उरतो, आणि वृत्तनिवेदक हा त्याच्या निवेदनाचा वाचक बनतो. दूरचित्रवाणीचे मागे पडणे काही अंशी असे नियमबद्ध आहे. पण नियमाने थेट दृश्ये थांबवली. गावात जाऊन, भाषा समजून घेऊन, चार दिवसांनी परत येऊन सांगण्यास नियमाची आडकाठी नव्हती. ते का घडले नाही, याचे उत्तर नियमपुस्तकात सापडत नाही.

३० ऑक्टोबर २०१८ ची एक घटना या दृष्टीने निवेदनशास्त्राच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे. विधानसभा निवडणुकीच्या वार्तांकनासाठी दूरदर्शनचे एक पथक दंतेवाडा जिल्ह्यातील निलवाया गावाकडे पोलिसांसोबत मोटारसायकलींवरून निघाले होते. वाटेत हल्ला झाला. कॅमेरामन अच्युतानंद साहू तेथेच मारले गेले. पोलीसही मारले गेले. गोळीबार चालू असताना पथकातील प्रकाशयोजनेचा सहायक जमिनीवर पडून राहिला, आणि त्याने भ्रमणध्वनीवर स्वतःच्या आईसाठी काही क्षणांची चित्रफीत मुद्रित केली. हल्ला झाला आहे, कदाचित आपण वाचणार नाही, आईवर आपले फार प्रेम आहे, आणि मृत्यू समोर दिसत असूनही का कोण जाणे भीती वाटत नाही, असा तिचा आशय. तो वाचला. ती चित्रफीत इंटरनेटवरून काही तासांत देशभर पसरली.

या निवेदनाची घडण पाहावी. त्याला ‘प्रेक्षकहो’ असे संबोधन नाही. संबोध्य व्यक्ती एकच आहे, आई. म्हणजे जातीने ते पत्र आहे, वृत्तांत नव्हे. निवेदकाला दिसते ते अगदी थोडे : सभोवतालची जमीन, आणि आपल्यासोबत सहा-सात जवान आहेत ही जाणीव. हल्लेखोर किती, कोठे, हे तो सांगत नाही, कारण त्याला ते माहीत नाही. आपल्या ज्ञानाची मर्यादा त्याच्या आवाजातच उमटलेली आहे. वाक्ये तुटक आहेत. पुढच्या वाक्यापर्यंत आपण असू की नाही हे न ठरलेल्या माणसाची ती वाक्ये आहेत. बस्तरच्या युद्धाविषयी दूरचित्रवाणीने वर्षानुवर्षे जे सांगितले त्यातून त्या युद्धाचा इतका प्रत्यय क्वचितच आला असेल. आणि हे सांगणारा माणूस राष्ट्रीय दूरचित्रवाणीचाच होता. त्याचा कॅमेरामन गेला होता, व्यावसायिक यंत्रसामग्री निरुपयोगी ठरली होती, आणि मग ज्या साधनाला कोणतेही संपादकीय अधिष्ठान नव्हते त्याच्याकडे तो वळला. नंतर वाहिन्यांनी ती फीत पुन्हा पुन्हा दाखवली. दाखवताना तिच्यावर मथळे आले, भाष्य आले, आणि आईला उद्देशून असलेले बोलणे सर्वांना उद्देशून झाले. माध्यमांतराने आशय कसा पालटतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

एप्रिल २०२१ चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ३ एप्रिल रोजी बिजापूर-सुकमा सीमेवरील टेकलगुडा परिसरात सुरक्षा दलांवर हल्ला झाला. पहिल्या संध्याकाळी मृतांचा आकडा पाच सांगितला गेला. दुसऱ्या दिवशी तो बावीसवर गेला. एका रात्रीत सतरा माणसे आकड्याबाहेर राहिली होती. कोब्रा पथकातील राकेश्वरसिंह मन्हास हा जवान माओवाद्यांच्या ताब्यात गेला होता, आणि ८ एप्रिलला त्याची सुटका झाली. सुटकेसाठी गेलेल्यांत धर्मपाल सैनी होते; विनोबांचे अनुयायी, १९७६ पासून बस्तरमध्ये मुलींच्या शिक्षणाचे काम करणारे आणि संस्थेला विनोबांच्या आईचे, रुक्मिणीचे नाव देणारे, तेव्हा नव्वदीपलीकडचे गृहस्थ. सोबत गोंडवाना समाजाचे तेलम बोरैया आणि बिजापूरचे काही पत्रकार. त्यांतच होते मुकेश चंद्राकर, ‘बस्तर जंक्शन’ या यूट्यूब वाहिनीचे चालक. शेकडो गावकऱ्यांसमोर जवानाच्या हातांची दोरी सोडली जात असल्याची दृश्ये या पत्रकारांनी टिपली. देशातील मोठमोठ्या वाहिन्यांवर त्या संध्याकाळी जे दिसले ते त्यांचेच होते.

ही चित्रफीत मात्र निलवायाच्या चित्रफितीसारखी निष्पाप नाही, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे. जमाव जमवलेला होता, जागा निवडलेली होती, पत्रकारांना बोलावलेले होते. दोरी सोडण्याचा क्षण माओवाद्यांनी रचलेला प्रयोग होता. स्थानिक वार्ताहर येथे साक्षीदार होताच, त्याचबरोबर त्या प्रयोगातले एक आवश्यक पात्रही होता. इंटरनेटवरील वार्ता सत्य आणि दूरचित्रवाणीवरील वार्ता बनावट, अशी सोपी विभागणी करणाऱ्यांनी या फितीपाशी जरा थांबावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांसमोर साठ सहकाऱ्यांसह शरणागती पत्करली, तेव्हा दूरचित्रवाणीला मुळीच उशीर झाला नाही. तोही प्रयोगच होता. मंच होता, वेळ ठरलेली होती. ज्या घटनेची वेळ आधी कळवली जाते तेथे दूरचित्रवाणी नेहमी हजर असते.

खरा उशीर कोठे होतो ते सारकेगुडा दाखवते. २८ जून २०१२ च्या रात्री बिजापूर जिल्ह्यातील बासागुडाजवळच्या या गावात गोळीबार झाला आणि सतरा जण मारले गेले. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. माओवाद्यांविरुद्ध मोठे यश, असे पहिले निवेदन आले. गावकरी सांगत राहिले की बीजपंडुमच्या, म्हणजे पेरणीच्या सणाच्या तयारीसाठी लोक जमले होते. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये आला आणि जमलेले लोक माओवादी असल्याचा पुरावा नाही असे त्याने म्हटले. सात वर्षे. पहिले निवेदन ज्या मथळ्यात सांगितले गेले त्या आकाराचा मथळा दुरुस्तीला कधी मिळत नसतो. येथे ‘ठार’ या क्रियापदाच्या आधी कोणते नाम येते, यावर सतरा कुटुंबांचे जगणे अवलंबून होते. कादंबरीत निवेदकाने पात्राला चुकीचे नाव दिले तर तो अविश्वसनीय निवेदक ठरतो; वाचक सावध होतो. वृत्तकथनात असा निवेदक दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात पुढची बातमी सांगतो.

बासागुडा हे नाव लक्षात ठेवावे. या एका लहानशा बाजारगावाभोवती बस्तरच्या वार्तेचा बराचसा इतिहास गोळा झालेला आहे. पत्रकार साई रेड्डी याच भागातले. २००८ मध्ये पोलिसांनी त्यांना माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून जनसुरक्षा कायद्याखाली अटक केली. ६ डिसेंबर २०१३ रोजी माओवाद्यांनी त्यांना बासागुडाच्या बाजारात ठार केले. दोन्ही बाजूंना जो परका वाटला, त्याची गोष्ट सांगताना कोणत्याही बाजूचा निवेदक सोयीचा पडत नाही. मुकेश चंद्राकर हेही बासागुडाचेच. सलवा जुडूमच्या काळात त्यांच्या कुटुंबाला तेथून उठावे लागले होते.

अशा माणसाच्या वार्तेत आणि स्टुडिओतील वार्तेत फरक पडतो तो केवळ साधनांचा नसतो. तो वाटा ओळखतो, गावात कोणाशी बोलावे ते जाणतो, आणि बातमी दिल्यानंतर त्याला तेथेच राहायचे असते. चुकीचे सांगितले तर उद्या बाजारात जाब विचारणारे भेटतात. म्हणून त्याच्या निवेदनात सर्वज्ञता येत नाही. मराठी वाचकाला याचे साहित्यातील प्रतिरूप अपरिचित नाही : विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीला जे मोल आहे, त्यात लेखकाच्या हेमलकसा येथील दीर्घ वास्तव्याचा वाटा मोठा आहे. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० च्या सुमारास सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ने तर निवेदकाची जागाच गावकऱ्याला दिली, दूरध्वनी करावा, गोंडीत किंवा हिंदीत आपली गोष्ट मुद्रित करावी, दुसऱ्यांनी ती ऐकावी. पडदाही नाही, छपाईही नाही.

तरीही इंटरनेटचा हा गुण इंटरनेटला उपजत लाभलेला नाही. भिलाईतच त्याची प्रचीती आली. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यासाठी छत्तीसगडमधून दुर्ग-भिलाईची निवड झाली होती. कारखान्याच्या भोंग्याची सवय असलेल्या गावात त्या दिवशी वेगळा भोंगा वाजला. त्याच दिवशी पहाटे भारताने पाकिस्तानातील तळांवर हल्ले केले होते. ८ मेच्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. ते खोटे होते. पडद्यावर बातम्यांमागे भोंगे वाजत होते. इतके की १० मे रोजी नागरी संरक्षण विभागाला सूचना काढावी लागली की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नये, लोकांना खऱ्या भोंग्याचे गांभीर्य राहणार नाही. तीन दिवसांपूर्वी ज्या गावाने सरावासाठी तो आवाज ऐकला, त्या गावात आता तो दिवाणखान्यातून येत होता.

त्या रात्री दूरचित्रवाणी मागे पडली नव्हती. ती घटनेच्या पुढे धावत होती. आणि ती धावत होती इंटरनेटच्याच मागोमाग. कोणाचे नाव नसलेले संदेश, संगणकावरील युद्धखेळांतून उचललेली दृश्ये, जुन्या स्फोटांच्या फिती, हे सारे आधी समाजमाध्यमांवर फिरले आणि स्टुडिओत येऊन त्याला आवाज मिळाला. खोटेपणा उघड करणारे तथ्यशोधकही इंटरनेटवरच होते, हे खरे. पण त्यांच्यापर्यंत भिलाईतील किती घरे त्या रात्री पोहोचली असतील? माध्यमांच्या नावांनी केलेली विभागणी येथे कोसळते. बस्तरमधील यूट्यूब आणि मे २०२५ मधील समाजमाध्यमे ही एकाच तंत्राची रूपे आहेत. निवेदनाच्या दृष्टीने त्यांच्यात काहीही साम्य नाही. अल-रशीदच्या खिडकीशी उभे असलेले दूरचित्रवाणीचे वार्ताहर आणि बिजापूरहून मोटारसायकलवर निघालेला यूट्यूबचा वार्ताहर एका जातीचे आहेत. दोघांचेही पाय कोठेतरी टेकलेले आहेत.

छत्तीसगडच्या पत्रकारितेचा आरंभही अशाच एका टेकलेल्या माणसापासून होतो, आणि तो मराठी भाषक होता. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. जवळ छापखाना नव्हता, मोजके सहकारी होते; तीन वर्षांत ते बंद पडले. पुढे नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढल्याबद्दल १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सप्रे यांना मराठी वाङ्मयेतिहासात एक तळटीप मिळते, तीही टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतरकार म्हणून. एकट्याने, आडबाजूच्या गावातून, त्या गावाच्या भाषाव्यवहारात राहून पत्र चालवण्याची जी परंपरा त्यांनी या भूमीत घातली, तिच्याशी ‘बस्तर जंक्शन’चे नाते कोणी जोडून पाहिलेले नाही. जोडताना फरकही सांगावा लागेल. सप्रे यांच्यावर खटला भरणारी सत्ता त्यांना ओळखीत होती. लेख कोणाचा, पत्र कोणाचे, याची नोंद होती. यूट्यूबवरील वार्ताहराच्या मागे संपादक नाही, वकील नाही, वेतन नाही. त्याला मिळालेले स्वातंत्र्य आणि त्याचे उघडेपण ही एकाच व्यवस्थेची फलिते आहेत, आणि इंटरनेटचे गुणगान करणारे लेखन पहिल्याविषयी जितके बोलते तितके दुसऱ्याविषयी बोलत नाही.

मुकेश चंद्राकर एका राष्ट्रीय वृत्तवाहिनीसाठीही काम करीत. बिजापूर जिल्ह्यातील एका रस्त्याच्या निकृष्ट कामाविषयीचे वृत्त डिसेंबर २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर आले ते त्यांच्या मदतीने. १ जानेवारी २०२५ रोजी ते बेपत्ता झाले. ३ जानेवारीला बिजापुरात एका ठेकेदाराच्या आवारातील मलकुंडात, नव्या सिमेंटखाली, त्यांचा मृतदेह सापडला. त्या वृत्तामुळे हत्या झाली, असा तपास पथकाचा आरोप आहे. युद्धाच्या दोन्ही बाजूंमधून वाट काढीत गेलेला वार्ताहर मेला तो रस्त्याच्या बातमीने. छत्तीसगड विधानसभेने माध्यमकर्मींच्या संरक्षणाचे विधेयक मार्च २०२३ मध्येच संमत केले होते. दूरचित्रवाणी त्या आठवड्यात बिजापूरला पोहोचली, आणि तिने दाखवलेल्या बहुतेक दृश्यांत चालताना, बोलताना, गावकऱ्यांना प्रश्न विचारताना दिसत होते ते चंद्राकर. ‘बस्तर जंक्शन’च्या जुन्या फितींतून घेतलेले.

संजयाच्या कथेतील एक प्रसंग कीर्तन-प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही. शल्यपर्वात, कौरवसेना जवळजवळ संपलेली असताना, सात्यकी संजयाला जिवंत पकडतो. याला ठेवून काय उपयोग, असे धृष्टद्युम्न म्हणतो, आणि सात्यकी तलवार उचलतो. तेवढ्यात व्यास तेथे येतात आणि याला मारू नये, सोडून द्यावे, असे सांगतात. संजय शस्त्र टाकून, रक्ताने माखलेला, एकटा नगराकडे चालू लागतो. वाटेत त्याला दुर्योधन भेटतो, आणि त्याच्याकडून युद्धाची बातमी विचारतो.